कारवीच्या सोंडेवर

कारवी फुलली होती! सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी, फुलली की अकोले तालुक्यातले डोंगरच्या डोंगर निळेजांभळे करून टाकणारी कारवी! सुकन्याने ही बातमी पुण्याहून फोनवर दिली आणि त्याच दमात फर्मानही सोडलं, "पप्पा, गणपतीला मी घरी येतेय, ते गेले की निघायचं. डोंगराच्या सोंडेवरून थेट माथ्यावर जायचं. या वेळी सगळं मी ठरवणार. तुम्ही फक्त यायचं."

'फक्त यायचं' हे शब्द अजिनाथला जरा टोचलेच. मिरजगावात त्याचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. वर्षभर तांब्याच्या तारांत मान घालून बसणारा हा माणूस वर्षातून एकदा मात्र शटर ओढायचा, गाडीत तंबू टाकायचा आणि बायकोपोरांना घेऊन कुठल्या तरी रानात जाऊन राहायचा. पोरं लहान असल्यापासूनचा हा नेम. तंबू कुठे ठोकायचा, चूल कुठे मांडायची, कुणी पाणी आणायचं, सगळं अजिनाथच ठरवणार. आता सुकन्या एकोणीस वर्षांची झाली होती, कॉलेजातून गिर्यारोहणाचा कोर्स करून आली होती. पार्थ सोळाव्या वर्षीच बापाच्या डोक्यावरून बघायला लागला होता.

"पोरगी मला फक्त ये म्हणती," तो पंकजाजवळ कुरकुरला.

पंकजा तिच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरत होती. "न्यायला तयार हायेत, हेच लई समजा," ती म्हणाली. "मोठी झाली पोरं. पुढच्या साली आमचं आमी जातो म्हणली तर काय करताल?"

अजिनाथ खाली बसून तिला पिशव्या देऊ लागला. हा विचार त्याच्याही मनात कधीचा घर करून होता. आणि पंकजाला कारवी बघायचीच होती. मागच्या बहराला पार्थ तापाने फणफणला आणि भरलेली गाडी दारातच रिकामी करावी लागली होती. हजारो रोपं वाढवलेल्या बाईने ते एक फूल तेवढं पाहिलं नव्हतं.

मिरजगावची उघडी माळरानं मागे टाकून गाडी दुपारी रतनवाडीत पोचली. वनखात्याच्या चौकीवर पावती फाडून, गाडी तिथेच ठेवून चौघं पाठीवर ओझी घेऊन रानात शिरले. अंजन, हिरडा, जांभूळ यांच्या दाट छपराखालून वाट चढत होती. ओल्या पानांचा, शेवाळाचा, कुजक्या लाकडाचा वास नाकात भरत होता, आणि कुठून तरी सतत पाणी पडल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी एका ओढ्याकाठी झकास सपाटी लागली. अजिनाथने सवयीने पाठीवरचं ओझं तिथेच उतरवलं.

"इथं ठोकू तंबू. पानीबी जवळ."

"इथं नाही, पप्पा," सुकन्या म्हणाली. "वरच्या टप्प्यावर."

"आगं, वर नुसते दगड हायेत!"

"दगड काढू आपण. वर पाऊस झाला तर हे पाणी वाढेल."

अजिनाथला राग आला होता, पण लेकीच्या आवाजात हट्ट नव्हता. त्याने निमूट ओझं उचललं. दगड काढले, तंबू उभा राहिला, पंकजाने स्टोव्हवर पिठलं रटरटवलं आणि घरून आणलेल्या भाकऱ्या पार्थने एकट्यानेच निम्म्या संपवल्या. सकाळी उठून पाहतात तो खालची सपाटी नाहीशी झालेली! तिथून तांबडं पाणी खळाळत चाललं होतं. त्याकडे बघत अजिनाथने सावकाश दात घासले. सुकन्या काहीच बोलली नाही, आणि ती बोलली नाही याचंच त्याला जास्त कौतुक वाटलं.

पुढची चढण खडी होती. धुकं इतकं उतरलं की पुढच्याची पाठही दिसेना. वाट डोक्याहून उंच कारवीत शिरली आणि तिथेच हरवली. काठ्यांसारखी ताठ खोडं अंगावर ओरखडे काढत होती. या बाजूला फुलं अजून उमलली नव्हती, नुसत्या कळ्यांचे तुरे होते. दोनदा ते फिरून त्याच खडकापाशी आले. मग पार्थ आंब्याच्या एका झाडावर चढला, वारा येईपर्यंत तिथेच चिकटून बसला आणि धुकं क्षणभर फाटताच ओरडला, "सोंड डावीकडं हाय! मधी कातळ हाय, पण जाता येतंय!"

कातळ दोन-तीन पुरुष उंच होता. पावसाने निसरडा झालेला, पण खोबणी चांगल्या होत्या. त्याच्या वरून फुललेल्या कारवीची किनार खाली डोकावत होती. निळा, जांभळा, कुठे गुलाबी! पंकजाच्या तोंडून नुसतं "अगं आई!" एवढंच निघालं. सुकन्या सगळ्यांत आधी वर गेली, तिने दोर एका जाड झाडाला गुंडाळला आणि खाली सोडला. पार्थ माकडासारखा चढला. पंकजा थांबत थांबत, पण न घाबरता चढली. शेवटी अजिनाथ. त्याने कमरेचा पट्टा आवळला, दोर अडकवला आणि चढायला लागला.

तो अर्ध्यावर पोचला असेल. बाजूच्या कड्याच्या कपारीत काहीतरी काळं, सुपाएवढं लोंबत होतं. त्याच वेळी धुक्यातून घारीसारखा एक मोठा पक्षी सुसाट आला. त्याने त्या काळ्या झुंबरावर झडप घातली, एक लचका तोडला आणि निघून गेला.

आणि कडाच घोंघावायला लागला!

"आग्या मोहोळ!" पार्थ किंचाळला.

कारवीच्या मधावर पोसलेलं ते पोळं होतं. हजारो माश्या काळ्या धुरासारख्या उठल्या. पहिला डंख अजिनाथच्या मानेत बसला. दुसरा कानाला. मग कपाळ, भुवई, मनगट! पेटती काडी टेकवावी तशी आग उठत होती. हात झटकावा असं शरीरच ओरडत होतं. पण हात सुटला असता तर? दोर तुटणार नव्हता, पण नव्वद किलोचा माणूस वरच्या तिघांना ओढून घेता आला नसता. तो त्या माश्यांतच लोंबकळत राहिला असता.

"पप्पा, हात सोडू नका!" वरून सुकन्याचा आवाज आला. "डोळे मिटा! घट्ट मिटा! मी सांगते तसं करा!"

"सुके, तू मागं हो! लपा सगळी!"

"गप्प बसा! डावा पाय वर!"

बापाला गप्प बसा म्हणणारी सुकन्या कातळाच्या काठावर पालथी पडली होती. तिच्याही हातांवर माश्या बसत होत्या. मागे दोर पार्थने आणि पंकजाने धरला होता. दोघांचीही बोटं डंखांनी पेटली होती. पण दोराला ढील आली नाही.

"डावा पाय गुडघ्याएवढा वर! अजून! अजून थोडा! बसला?"

अजिनाथच्या बुटाला खोबण सापडली. "बसला!"

"आता उजवा हात सरळ वर. धार आहे तिथं. धरली?"

"धरली!"

"द्या जोर! आई, ओढ!"

डोळे मिटलेले. तोंडावर माश्या. जगात दुसरं काही उरलंच नव्हतं, फक्त तो आवाज. याच पोरीला मांडओहोळच्या धरणाकाठी त्याने बोट धरून पाण्यात नेलं होतं, पाय टेक, टेक म्हणून. आता ती सांगत होती आणि तो टेकत होता. उजवा पाय. डावा हात. एकदा पाय निसटला, गुडघा कातळावर आपटला, दोर ताणला गेला. "सोडू नका!" परत पाय टेकला. परत जोर. मग कुणाच्या तरी हाताने त्याची कॉलर पकडली आणि तो धान्याच्या पोत्यासारखा काठावर येऊन पडला!

"कारवीत शिरा! सरपटत!"

पार्थने झटक्यात ओझ्यातून तंबूचं वरचं कापड ओढून काढलं. चौघं पोटावर सरपटत दाट कारवीत घुसले आणि ते कापड अंगावर ओढून, कडा पोटाखाली दाबून निपचित पडले. वर घोंघावणं चालूच होतं. पंकजाने नवऱ्याचा हात चाचपून धरला. कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही. हळूहळू धुक्याचा पाऊस झाला, कापडावर थेंब वाजू लागले आणि घोंघावणं कड्याकडे परत गेलं.

सुकन्याने कापड उचललं. वरून फुलांचा सडा पडला होता. तिने कॉलेजच्या ओळखपत्राच्या कडेने बापाच्या तोंडावरचे, मानेवरचे माश्यांचे काटे एकेक खरवडून काढले, औषधाच्या पिशवीतली गोळी दिली आणि विचारलं, "श्वास नीट येतोय? घसा आवळल्यासारखा वाटतोय का?"

"न्हाई. नुसती आग हाय." अजिनाथचे ओठ जाड झाले होते आणि डोळ्यांच्या फटी मिटत चालल्या होत्या. "माथा किती लांब हाय?"

"हा काय, वरच," पार्थ म्हणाला. "पाच मिनटात जाऊ."

"मंग चला. तुझ्या आईला दाखवायचा हाय."

सुकन्याने माथ्याकडे पाहिलं. मग आईकडे, मग बापाच्या सुजत चाललेल्या तोंडाकडे. "नाही. माथा नाही. सरळ पलीकडं कुमशेतला उतरायचं. गोळीचा भरवसा किती धरायचा? माणसांत पोचायला पाहिजे. आणि ओढे वाढायच्या आत."

"एवढं आलोय, सुके!"

"अवो," पंकजा म्हणाली, "तिनं ठरवलंय. उठा!"

अजिनाथ उठला. त्याचे डोळे आता पुरते मिटले होते. पार्थने बापाचं ओझं पोटावर बांधलं, आपलं पाठीवर, आणि बापाचा हात खांद्यावर घेतला. "माझ्या मागं यायचं, पप्पा. मोठी पायरी असली की सांगतो."

सोंडेचा पलीकडचा उतार उन्हाकडे तोंड करून होता, आणि तिथे सगळी कारवी एकदम फुलली होती! अजिनाथला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला फुलांचा ओलसर वास येत होता, पाकळ्या गालाला लागत होत्या, आणि तिघं त्याला सांगत होते. "खालपर्यंत निळंच निळं हाय, पप्पा," पार्थ म्हणाला. सुकन्या म्हणाली, "ढग खाली गेलेत, त्यांच्यावर जांभळी सावली पडल्यासारखी दिसतीय." पंकजा मात्र एकेका तुऱ्यावरून हात फिरवत चालली होती. मग म्हणाली, "माथा राहू द्या. माझं झालं बघून."

शेवटचा ओढा मांडीपर्यंत चढला होता. सुकन्याने काठीने तळ चाचपला, दोर पलीकडे बांधून ती परत आली आणि चौघं एकमेकांना धरून, तिरके चालत, पाणी कापत पार झाले. मधोमध पंकजाचा पाय घसरला तेव्हा तिला सावरलं ते अजिनाथने. डोळे नव्हते, पण वजन होतं!

कुमशेतच्या पहिल्याच घरातले आसाराम त्यांना बघून अंगणातून धावत आले. "आग्या डसला व्हय? बसा, बसा!" त्यांनी मोटारसायकल काढून उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आणलं. बाईंनी इंजेक्शन दिलं, घसा तपासला, सगळ्यांचे हात बघितले आणि म्हणाल्या, "वेळेत आलात. आज इथून हलायचं नाही."

तंबू आसारामांच्या अंगणातच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथ जागा झाला तेव्हा एक डोळा फटीएवढा उघडत होता. तंबूच्या दारातून समोरचा डोंगर दिसला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत निळाजांभळा, उन्हात लखलखणारा! बघून बघून त्याच्या डोळ्याला पाणी आलं, तसा त्याने तो मिटून घेतला.

बाहेर दोघं पोरं कुजबुजत होती.

"डिसेंबरात हरिश्चंद्रगड," पार्थ म्हणत होता. "थंडीचं. त्या वेळी प्लॅन माझा."

"चालेल. पण पप्पांना शेवटी ठेवायचं नाही. मधे घ्यायचं, तुझ्या आणि आईच्या."

"आन् दोन तंबू घेऊ. लई घोरतात ते."

अजिनाथने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि सुजलेल्या तोंडाने आतूनच ओरडला, "मधी बिधी कोन न्हाई येनार! मी शेवटीच येनार! आन् तंबू एकच!"