पंच क्रमांक दोन

शकूर त्या दिवशी शिळफाट्याला चष्मा आणायला गेला होता. दुसरं काही नाही. काच बदलायला टाकली होती ती घेतली, टपरीवर कटिंग मारला आणि सहाच्या टेंपोनं आपल्या चौक गावी परत. गेल्या वर्षीचा अठरा नोव्हेंबर, मंगळवार. अमावास्या जवळ आली होती, पण तिचा यात काही हात नाही, उगाच जोडू नका.

शकूर म्हणजे आपला झेरॉक्सवाला. माझ्या गॅरेजवर येऊन बसतो, तोच. इन्स्पेक्टर मोकलच्या कादंबऱ्या त्याच्या, तुम्ही पोरं फोनवर ऐकता त्या. सात जाडजूड पुस्तकं झाली. प्रत्येकात मोकल एकदा तरी म्हणतोच, ‘ठाकुरवाडीला झालं ते पुन्हा होऊ देणार नाही.’ काय झालं, ते मात्र सातांतल्या एकातही नाही. वाचकांनी पिच्छा पुरवला. शेवटी प्रकाशक म्हणाला, आठव्या कादंबरीच्या आधी एक छोटी काढू, ऐंशी पानांची, मोकलची पहिलीच केस. शकूरला वाटलं, ऐंशी पानं म्हणजे डाव्या हातचा मळ. हो म्हणाला आणि फसला.

तीन महिन्यांत एकोणऐंशी पानं झाली. मधलं एक कोरंच. पंचनाम्याचं पान, मेलेली बाई कशी पडली होती ते सांगणारं. आणि बुधवारी सकाळी सगळं पाठवायचं होतं.

आता खरी गोष्ट ऐका. ठाकुरवाडीचं प्रकरण शकूरनं मनानं रचलेलं नव्हतं. एक्याण्णवच्या श्रावणात चिंधी नावाची तिथल्या वाडीवरची बाई घाटातल्या रेल्वेच्या रुळांच्या खालच्या अंगाला मेलेली सापडली. शकूर तेव्हा बावीस वर्षांचा, शिळफाट्याला बापाच्या किराणा दुकानात बसायचा. एक हवालदार आला, म्हणाला, पंच हवेत. पंच म्हणजे जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणारी दोन माणसं. पण तसल्या पावसात घाटात जायचं कुणी? हवालदारानं कोरा कागद पुढे केला. "तू कशाला भिजतोस? सही कर, मी लिवतो." दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं. शकूरनं पंच क्रमांक दोन म्हणून सही ठोकली आणि पुन्हा साखर तोलायला लागला. तेव्हा सगळेच तसं करायचे.

नंतर कळलं, कागदावर ‘पाय घसरून मृत्यू’ आलं. वाडीतले लोक सांगत होते की डोकं मागून फुटलेलं होतं. त्यांचं कोण ऐकतो? प्रकरण मिटलं. शकूर काही वाईट माणूस नाही, पण ती सही त्याला चौतीस वर्षं आतून खात होती.

तर त्या रात्री जेवणं आटोपली. सफुरा, त्याची बायको, आत जाऊन झोपली. शकूर टेबलाशी बसला. पार दमला होता. सात पुस्तकांत त्यानं वीसेक मुडदे पाडले, सगळे डोळ्यांपुढे आयते उभे राहिले. ही एकच बाई दिसेना. जे पाहिलं म्हणून सही केली आणि पाहिलंच नव्हतं, तिथं पेन अडायचं. अखेर एक वाजून दहा मिनिटांनी त्यानं हात टेकले. जे सरकारी कागदावर होतं तेच लिहिलं, ‘पाय घसरून.’ सुटलो एकदाचा, म्हणाला.

"नाय."

बाईचा आवाज. पाठीमागून. त्याला वाटलं सफुरा उठली. पण आतून सफुराचं घोरणं ऐकू येत होतं.

त्यानं खोडलं. दुसरं लिहिलं. वरून दरड आली...

"नाय."

पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा पेन टेकेना. बाहेर हायवेवर ट्रक नाही. एकही नाही. पंखा फिरतोय, त्याचा आवाज नाही. मागे कुणीतरी उभं आहे. वळायचं... नाही जमलं.

"कोण?"

...

"चिंधी?"

मग अगदी हळू. राग नव्हता त्यात. दिवसभर डोक्यावर मोळी वाहिलेल्या बाईनं बोलावं तसं.

"तू आलाच नाय, भाऊ. मी वाट बघत व्हते."

शकूर रडला. मला सांगतानाही रडला. म्हणाला, भीती नव्हती वाटली, थकवा आला. चौतीस वर्षांचा एकदम. त्यानं डोळे मिटले.

"आता येतो," म्हणाला.

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी ते पान भरलेलं होतं. अक्षर त्याचंच. बाई पालथी. डोक्याच्या मागे चार बोटं रुंद जखम, कोयत्याच्या उलट्या बाजूची. डाव्या मुठीत पुरुषाच्या शर्टाचं निळं बटण. शेवटी ‘वरील सर्व मी समक्ष पाहिले’ आणि खाली शकूरची सही. प्रकाशक म्हणाला, गोष्टीत तुझं खरं नाव कशाला? शकूर म्हणाला, सही राहणार, नाहीतर पुस्तकच नको. राहिली आहे, उघडून बघा.

पण पहाटे बांगेला सफुरा उठली, तेव्हा तिला ते पान दिसलंच नाही. तिला दिसले नवऱ्याचे पाय. टेबलावर डोकं टेकून झोपलेला, आणि गुडघ्यापर्यंत लाल चिखल. लेंगा निथळत होता. पाऊस जाऊन महिना उलटला होता. दाराला आतून कुलूप. किल्ली तिच्या उशाखाली.

दारापासून टेबलापर्यंत फरशीवर त्याची पावलं. येतानाचीच.

सफुरानं बादली आणली. पुसत पुसत दाराशी गेली... आणि थांबली.

उंबऱ्याच्या आत आणखी दोन पावलं होती. लहान. अनवाणी. त्याच्या सोबतीनं घरापर्यंत आलेली. आणि त्यांच्या शेजारी दोन, परत फिरलेली.