फिटंफाट

माकडांच्या कठड्याशी उभं राहून लिहिताना तिचं पेन खालच्या खंदकात पडलं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. प्राणिसंग्रहालयाचा तरुण डॉक्टर खाली उतरला, पेन रुमालानं पुसून त्यानं तिच्या हातात दिलं... आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

कोणतं माकड कुणाच्या उवा काढतं आणि त्याची परतफेड कधी होते, याचा ती अभ्यास करत होती. कुणाचे उपकार अंगावर ठेवू नयेत, हे तर आईनं लहानपणापासून बजावलेलं. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिनं डॉक्टरला नवं पेन दिलं. त्यानं बसायला स्टूल आणलं, तिनं थर्मासमधून चहा. त्यानं तिच्या चष्म्याची काडी बसवली, तिनं त्याच्या कोटाचं बटण लावलं. दोरा तोडायला मात्र तिनं उगाचच वेळ लावला.

महिनाभरात डॉक्टर हसेनासा झाला. गुरुवारी म्हणाला, दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, शनिवारी कळवायचंय.

"जाऊ का?"

"मी कोण सांगणारी?" ती म्हणाली, आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली.

शुक्रवारी नोंदी जुळवताना ती चपापली. लगेच, तिथल्या तिथे परतफेड करत होती ती नवखी माकडं. फिटंफाट झाली की आपापल्या फांदीवर मोकळी. जुन्या जोड्यांना कसली घाईच नव्हती. म्हणजे महिनाभर आपण डॉक्टरला काय सांगत होतो?

फोनवर ताई हसत सुटली. "माकडांना कळतं ते तुला कळायला महिना लागला."

शनिवारी सकाळीच ती सायकल ढकलत डॉक्टरच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली. साखळी निघाली होती. तो खाली बसला, हात काळे करत त्यानं ती बसवली.

"आज काय मिळणार? बिस्किटं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

तो गोंधळला. "काहीच नाही?"

"आज नाही... उद्याही नाही. मला तुमचे उपकार अंगावर ठेवायचेत, डॉक्टर. जन्मभर."

तो हसू लपवायला गेला आणि नाकाला काळं लागलं.

"मग मला इथंच राहावं लागेल," तो म्हणाला.

तिनं रुमाल काढला, आणि मुद्दाम परत ठेवून दिला. साखळी तिनं स्वतःच उतरवली होती, हे तिनं त्याला पुढं कितीतरी वर्षं सांगितलं नाही.