तीन हिरवे सोमवार

कल्पना करा, तुमचं गाव समुद्राला इतकं चिकटून आहे की भरतीचं पाणी तुम्ही उघाडीतून (बांधाला ठेवलेल्या लाकडी दारातून) आत घेता, चौकोनी वाफ्यांमध्ये पसरता आणि ऊन पुढचं काम करतं. पाणी हळूहळू उडून जातं, खाली मीठ उरतं. आता आणखी तीसेक वर्षं पुढे या. वाफ्यांतलं मीठ ओढायला यंत्रं आली आहेत आणि गावाच्या आरोग्यकेंद्रात कपाळावर गोल दिवा असलेली एक यंत्रमानव आहे. मुलं तिला टिकली म्हणतात. गावाचं नाव डावलखार.

या गावातलं एक कोडं तुम्हाला घालतो. हिराजी घरत नावाच्या एका आजोबांचा रक्तदाब वाढलेला होता. घरातलं मिठाचं पाकीट फेकून दिलं. सुनेने स्वयंपाकातलं मीठ निम्म्यावर आणलं. आजोबा गोळीही न चुकता घेत होते. तरीही रक्तदाब आठवड्यागणिक चढतच गेला. असं का व्हावं?

उत्तर शोधायला आपल्याला त्यांच्या नातीकडे जावं लागेल. जुईली सहावीत होती. तिच्या शाळेत त्या वर्षी एक उपक्रम होता. प्रत्येक मुलाने टिकलीकडून रक्तदाबाच्या आजाराची माहिती शिकायची आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका रुग्णाला ती शिकवायची. रुग्णाच्या मनगटावर रक्तदाब मोजणारा पट्टा. दर सोमवारी सकाळी सातला मुलाने कळ दाबायची, की आकडा शाळेत पोचायचा आणि वर्गातल्या तक्त्यावर ठिपका उमटायचा. दाब आटोक्यात असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

जुईली वक्तृत्वात पहिली येणारी मुलगी. तिने आजाला ओसरीवर बसवलं, मिठाचं पाकीट हातात उंच धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजा, हा तुझा शत्रू! यामुळे रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाबामुळे पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा तुटून शरीराचा भाग लुळा पडणं) होतो. आजपासून हे बंद."

"बंद म्हणजे बंद," आजा म्हणाला. "मना तर ही पांढरी भुकटी कधीच आवडली नाय."

"कळलं ना सगळं?"

"कळला गो, कळला. मास्तरीण कुठली!"

जुईलीने पाकीट कचऱ्यात टाकलं आणि वहीत लिहिलं, 'रुग्णाला समजले.' सगळा धडा चार मिनिटांत आटोपला होता.

पहिल्या सोमवारी लाल ठिपका. दुसऱ्या सोमवारी लाल. तिसऱ्या सोमवारी वरचा आकडा एकशे सहासष्ट, आणि वर्गात बाकी सगळ्यांचे ठिपके हिरवे व्हायला लागलेले. मागच्या बाकावरून ओजस म्हणाला, "मिठागरवाल्यांचं रक्तच खारट असतं. तू भाषणच कर, तेच जमतं तुला." सगळे हसले. जुईलीही हसली, पण तिचे कान तापले होते.

चौथ्या सोमवारी आजा आंघोळीला गेला होता. पट्टा खुंटीवर होता. जुईलीने तो स्वतःच्या मनगटावर बांधला आणि कळ दाबली.

तक्त्यावर हिरवा ठिपका आला. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या ऐकताना जुईलीला वाटलं, आपण जमिनीत शिरावं. पण सांगायचं कसं? आणि एकदा केलेलं पुढच्या सोमवारी करणं सोपं गेलं, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी सोपं. असे तीन सोमवार हिरवे झाले. या तीन आठवड्यांत ती आजाच्या डोळ्यांकडे बघून बोलली नाही. आजाला वाटलं, पोरगी मोठी व्हायला लागली.

तिसऱ्या हिरव्या सोमवारनंतरच्या गुरुवारी, संध्याकाळी, आजा चहा पीत होता. कप त्याच्या हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. आजा उजव्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचाच हात आहे. काहीतरी बोलला, पण शब्द एकमेकांत गुंतले होते. ओठाची एक बाजू खाली ओघळली होती.

जुईलीला टिकलीचा धडा आठवला. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. तिने पट्ट्यावरची मदत बोलावणारी लाल कळ दाबली.

दहा मिनिटांनी रुग्णवाहिका आली, तेव्हा आजा पुन्हा नीट बोलत होता. "अरे, हात झोपला होता नुसता. कशाला गावभर बोंब? लाज काढली पोरीने. मी येत नाय."

"आजा, चल ना," जुईली म्हणाली. तिचा चेहरा बघून आजा उठला. रुग्णवाहिकेतून आलेली टिकलीही सोबत निघाली.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर शहनाज इनामदार यांनी मेंदूची चित्रं काढली. "आजोबा, नशीबवान आहात. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी क्षणभर अडकली आणि सुटली. हा इशारा होता. असा इशारा मिळालेल्या माणसाला पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका असतो, म्हणून आज तुम्ही इथेच राहायचं." मग त्या पडद्याकडे बघून थांबल्या. "आत्ता दाब एकशे शहात्तर आहे. पण गेले तीन सोमवार तर एकशे चार, एकशे दोन, एकशे सहा? म्हणजे रोजचा दाब कमीच असतो, आजचा घाबरल्यामुळे चढला असणार. तसं असेल तर गोळी वाढवणं बरं नाही. वाढवली तर चक्कर येऊन पडाल."

जुईली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला कळलं, आता आपण गप्प राहिलो तर आजाला चुकीचं औषध मिळेल. आणि बोललो तर? आजा इथेच आहे. तो ऐकेल.

"ते आकडे माझे आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"पट्टा मी बांधला होता. माझ्या हाताला. तिन्ही सोमवारी." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की डॉक्टरांना वाकावं लागलं. "ठिपका हिरवा यावा म्हणून."

डॉक्टरांनी ते तीन आकडे खोडले आणि औषध नव्याने लिहिलं. त्या रागावल्या असत्या तर जुईलीला बरं वाटलं असतं. आजा खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत तो म्हणाला, "माझ्यामुळे पोरीवर खोटं बोलायची पाळी आली."

मग मात्र जुईली रडली.

टिकलीच्या कपाळावरचा दिवा मंद झाला. "मीही चुकले," ती म्हणाली. "पट्ट्याला दाब कळतो, माणूस कळत नाही. पण एका आठवड्यात वरचा आकडा साठने उतरला, तेव्हा मला शंका यायला हवी होती. आली पण होती. मी विचारलं नाही. हिरव्या ठिपक्याला कोणी प्रश्न विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी आजाला बरं वाटत होतं. टिकली त्याच्याजवळ आली. "आजोबा, मिठाबद्दल तुम्हाला जे कळलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगाल?"

"त्यात काय? पाकिटातलं मीठ वाईट. त्याने दाब चढतो. म्हणून ते बंद केलं आणि आपल्या आगरातलं, उन्हात पिकलेलं खडे मीठ खायला लागलो. दुपारी एकटाच जेवतो, तेव्हा भातावर, आमटीत. चांगलं मीठ ते, म्हणून चार खडे जास्तच."

जुईली बघतच राहिली. कोड्याचं उत्तर जवळजवळ दोन महिने घरातच बसून भात खात होतं! पाकीट तिने उंच धरलं होतं, आणि आजाने पाकीटच ओळखलं होतं. तिने 'कळलं ना' विचारलं होतं, 'काय कळलं' हे विचारलंच नव्हतं.

"कसं घालता, ते दाखवा," टिकली म्हणाली. तिने मीठ आणि छोटा वजनकाटा पुढे ठेवला.

आजाने मीठ उचललं. चाळीस वर्षं फावडं धरलेली ती बोटं. त्याची चिमूट पाचही बोटांची होती. काट्यावर चार ग्रॅम भरले.

"मोठ्या माणसाला दिवसभरात, सगळ्या पदार्थांतलं मिळून, पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं," टिकली म्हणाली. "म्हणजे फार तर सपाट भरलेला एक चहाचा चमचा. पाकिटातलं असो की आगरातलं, दोन्हींत सोडियम नावाचा घटक जवळजवळ सारखाच. उलट पाकिटातल्या मिठात आयोडीन मिसळलेलं असतं. गळ्याला गाठ येऊ नये म्हणून ते शरीराला लागतं. आता जुईली, सोडियमने दाब का वाढतो, ते तू सांग."

"मी?" जुईली मागे सरकली. "मी नको. माझं शिकवणं बघितलंस ना."

"शिकव गो," आजा म्हणाला. "या येळेला मी मुंडी हलवणार नाय. मधेच अडवणार."

जुईली खाटेवर बसली. या वेळी तिने आवाज चढवला नाही. जरा विचार करून तिने विचारलं, "आजा, आगरात बांधाला खांड कधी पडते?"

"उधाणाला. आत पाणी जास्त शिरलं की बांधावर रेटा येतो. कुठे माती भुसभुशीत असेल, तिथून फुटतो."

"आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे पाण्याचे पाट. रक्तात मीठ वाढलं की ते पाणी धरून ठेवतं. मीठ जिथे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. याला परासरण (पातळ पडद्यातून कमी खारट बाजूचं पाणी जास्त खारट बाजूला सरकणं) म्हणतात. मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर टाकतात, पण रोज जास्तच आलं तर ती पुरी पडत नाहीत. मग पाटात पाणी वाढतं."

"म्हणजे रोजच उधाण."

"हो. आणि बांधावर रोज रेटा. वाहिन्या आतून खरबरीत होतात, कडक होतात. कुठे गुठळी अडकते, कुठे वाहिनी फुटते. मेंदूत हे झालं तर..." ती थांबली.

"तर हात झोपतो," आजा हळूच म्हणाला. मग त्याने मान वर केली. "थांब. ही गोळी घेतली की मना सारखं लघवीला जावं लागतं. गोळी म्हणजे पाणी बाहेर सोडणारी उघाडी काय?"

"बरोबर!" टिकलीचा दिवा लख्ख झाला. "तुमच्या दोन गोळ्यांपैकी एक अगदी तेच करते. पाणी आणि मीठ बाहेर सोडते."

"आणि मी एकीकडून उघाडी खोलतोय न् दुसरीकडून समुद्र आत घेतोय." आजा स्वतःशीच हसला, मग त्याचा चेहरा पडला. "उभा जन्म मीठ पिकवलं, आणि मनाच ठावं नाय."

"मी नीट सांगितलं नाही, आजा."

"मी पण नीट विचारलं नाय. घरच्या मिठाचा अभिमान. मास्तरणीसमोर कोण म्हणेल, कळलं नाय?"

मग जुईलीने ते केलं, जे तिने पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ती म्हणाली, "आता उद्यापासून काय करशील, ते मला दाखव." आजाने चहाचा चमचा घेतला, सपाट भरला, आणि त्यातलं दोन तृतीयांश वेगळं काढलं. "हे सुनबाईच्या स्वयंपाकातून माझ्या वाट्याला. उरलेलं पापडात, लोणच्यात आपोआप येणार. ताटात वरून घालायचं नाय. खारवलेली मासळी सणाला, तीही पाण्यात भिजवून, पाणी फेकून. गोळी स्वतःहून बंद करायची नाय. बरोबर?"

"बरोबर," जुईली म्हणाली. "आणि पट्टा?"

"पट्टा माझ्याच हाताला."

सोमवारी आकडा एकशे बावन्न आला. ठिपका लाल होता. जुईलीने तो तसाच पाठवला आणि वर्गात उभी राहून मागच्या तिन्ही ठिपक्यांचं खरं सांगितलं. कोणी हसलं नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. ओजस खाली बघत होता. बाई म्हणाल्या, "बस." तिचे कान पुन्हा तापले, पण या वेळी तिने मान खाली घातली नाही.

शाळा सुटल्यावर तिच्या मनात एक विचार घोळायला लागला. डावलखारात घरोघरी आगरातलं मीठ आहे. घरोघरी कोणीतरी 'कळलं ना' विचारलं असणार, आणि कोणीतरी मान हलवली असणार. हिरव्या ठिपक्यांमागे काय आहे, कोणाला माहीत? प्रत्येक घरी नुसतं एकदा नीट विचारलं, तर किती बांध फुटायचे वाचतील!

घरी न जाता ती बांधावरून सरळ शेवटच्या आळीत गेली. तिथे अनुसयाकाकी दारात मासळी खारवत बसल्या होत्या. त्यांनाही दाबाचा त्रास होता.

"काय गो, आजा बरा हाय ना?" काकींनी विचारलं. "आणि तू इकडे कशी?"

जुईली त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काकी, मी आजाला चुकीचं शिकवलं, आणि ते लपवायला तीन सोमवार खोटे आकडे पाठवले. आधी ते तुम्हाला सांगते," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. मग तिने दप्तरातून चहाचा चमचा काढून काकींच्या हातात दिला. "आता मी काही शिकवणार नाही. दिवसभरात मीठ किती आणि कशाकशात घालता, ते तुम्ही मला दाखवा."