जात्याला बांधलेली बोट

खरं वाटो न वाटो, मी शपथेवर सांगते. कारण त्या दिवशी कोयता माझ्याच हातात होता.

भंडारदरा. गेल्या वर्षीची अठ्ठावीस मे. रात्र-बित्र काही नाही, दुपारचे चार.

मी माधुरी. नवरा सम्राट. धरणाच्या पाण्यात आमची शिडाची छोटी बोट असायची, पर्यटकांना फिरवायला. काठाला बांधली तर लाटांनी खडकावर आपटते, म्हणून ती आत पाण्यातच उभी ठेवायची. तळाला जड दगड, दगडाला दोर, दोराला बोटीचं नाक. फक्त नाकच. मग वारा येईल तिकडे ती तोंड फिरवते आणि उलटत नाही.

त्या मे महिन्यात पाणी लई उतरलं आणि बुडालेली वाडी उघडी पडली. तिथली जाती अजून जागेवर आहेत. दरसाल लेकीसुना येतात, आपल्या जात्यावर मूठभर नागली दळतात आणि जातात. दगड कोणी हलवत नाही.

आमच्या शहाण्याने हलवला, बोटीच्या दोराला तळाशी बांधायला!

"मधोमध आयतं भोक हाय, दोर ववायला. आपण बुद्धाची लेकरं, असल्याला भ्यायचं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. पण अडवलं नाही. तिथंच चुकले.

अठ्ठावीसला वळवाचं वारं सुटलं. शीड उतरवलेलं, डोलकाठी आडवी केलेली, सगळं नीट.

पण बोट वाऱ्याकडे तोंड करेना...

ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. वाऱ्याच्या उलट.

आणि पाण्याखालून आवाज आला.

घर्र... घर्र...

दोराला पीळ पडत होता. पीळ पडेल तसा दोर आखूड होत होता आणि बोटीचं नाक खाली जात होतं.

"अहो, जाऊ द्या तिला!" मी ओरडले. ऐकतोय कोण? पोहत गेला, बोटीवर चढला, गाठ सोडायला वाकला.

पिळात त्याचं मनगट सापडलं.

त्याची किंकाळी काठापर्यंत आली. मी कोयता घेतला, वल्ह्याची होडी ढकलली. पोचले तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

मी दोरावर घाव घातला. एक, दोन, तीन. ओला नायलॉन, कोयता उसळून परत येत होता.

तेवढ्यात दोराशेजारून दोन हात वर आले...

बाईचे. बांगड्या भरलेले. पाण्यातून आले, तरी बोटांना कोरडं पीठ.

त्या हातांनी सम्राटचं मनगट पकडलं. जात्याचा खुंटा पकडतात तसं. आणि फिरवलं.

हाड मोडल्याचं मी ऐकलं.

"सोड, रांडे, सोड त्याला!" मी त्या हातांवर कोयता मारला. बांगड्या फुटल्या. रक्ताचा थेंब नाही. पकड सुटेना. पाणी सम्राटच्या हनुवटीला आलं.

"माधुरी... तोड."

"काय तोडू?"

"माझा तोड."

दोन घावांत तुटला. बोट हात घेऊन खाली गेली.

कागदावर लिहिलंय, 'दोरात अडकून अपघात'. लिहू द्या. जीव वाचला, मला तेवढंच हवं होतं.

असं मला वाटलं होतं...

आता झोपेत त्याचा तुटका दंड फिरतो. गोल, सावकाश, तासन्‌तास. मी अंगाचा भार टाकून दाबते, तरी थांबत नाही.

परवा तो उठून लेकरासारखा रडला.

"माधुरी, हात लई दुखतोय गं. ती दळण थांबवंना."