आडवा दगड

"दगडाला मिठी मारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," मागून आवाज आला.

मी दचकून हात सोडले. दगडांच्या त्या वखारीत मी एका उंच दगडाला कवेत घेऊन उभी होते, गालाला धूळ लागलेली. "माप घेतेय," मी म्हटलं.

"मग, बसलं का मापात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मलाच तर उचलायचाय तो!"

मला हसू आलं... आणि लगेच चोरी पकडल्यासारखं वाटलं. आमच्या घरात हसणं बंद झालं होतं.

मागच्या अंगणात आमचं लहानसं तळं होतं. माझी धाकटी बहीण, आमची छोटी, त्यात बुडाली. बाबांनी तळं बुजवलं. तेव्हापासून आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून त्या मातीकडे बघत असायची. बोलायची नाही, बाहेर यायची नाही. "ती माती तिला दिसू नये, एवढा मोठा दगड हवाय," मी कसंबसं सांगितलं.

त्यानं थट्टा तिथंच आवरली.

मग तो रोज येऊ लागला. दगड खिडकीसमोर, तळ्याच्या अलीकडच्या काठावर उभा करायचा होता. तिथला भराव कच्चा, म्हणून तो उकरून खाली खडी ठोकून बसवत होता. मी पाणी न्यायची.

"तुमच्या हातचं पाणी गोड लागतं."

"नळाचं आहे."

"मग नळाचे आभार माना माझ्यातर्फे."

खिडकीत आई आहे हे आठवून मी पाठ फिरवून हसायची. एकदा मी त्याच्या खरचटलेल्या बोटाला पट्टी बांधताना त्यानं श्वास रोखला — आणि मीही. मला तो आवडायला लागला होता. छोटी गेली त्याच जागी मी प्रेमात पडतेय, याची इतकी लाज वाटे की मी न्हाणीघरात नळ सोडून रडत असे.

शेवटी क्रेन आली. दगड पट्ट्यात झुलत खाली उतरला, उभा राहिला. खिडकीतून माती आता मुळीच दिसणार नव्हती.

तोच दार धाडकन उघडलं. आई अनवाणी धावत आली आणि दोन्ही मुठींनी दगडावर मारू लागली.

"आडवा करा हा! माझी छोटी दिसत नाही मला!"

इतक्या महिन्यांनी आईचा आवाज ऐकला, तो असा. मला वाटलं होतं, ती जागा तिला छळतेय. ती तर तिथं लेकीला सोबत करत होती, आणि मी मध्ये भिंत घालायला निघाले होते.

पट्टा पुन्हा बांधून त्यानं दगड आडवा निजवला. पहारीनं जरा जरा सरकवत विचारत राहिला, "आता दिसतंय, काकू?... आता?"

आईनं मान हलवली. मग त्याच दगडावर बसली, मातीकडे तोंड करून.

"काम संपलं," तो पहार उचलत म्हणाला.

"उद्यापासून पाणी कुणाला देऊ?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

तो बघतच राहिला. "दगड हलतोय का... ते बघायला येईन की उद्या."

"एवढा धोंडा हलेल?"

"नाही हलणार," तो म्हणाला. "तुम्हाला बघायला येईन म्हणतोय."

मी भीतभीत आईकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. वळून न बघता ती थोडी सरकली, शेजारची जागा हातानं झाडली.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली. "छोटीला घरी माणसं आलेली आवडायची."