खुर्चीच्या मुठी

मास्तरांची चाकांची खुर्ची ढकलता ढकलता मास्तरीणबाईंच्या दोन्ही तळहातांना घट्टे पडले होते, आणि त्या घट्ट्यांचा त्यांना कोण अभिमान! अकरा वर्षं झाली होती. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. एका शनिवारी मुलांची चित्रं भिंतीवर लावताना शिडीवरून पडले आणि कमरेपासून खाली लुळे झाले. मान वळवून मागे बघणंही त्यांना जमेनासं झालं. तेव्हापासून मास्तर पुढे आणि बाई मागे. वाचनालय असो, दवाखाना असो की बाग. शेजारीण म्हणायची, अहो, कधीतरी दुसऱ्या कुणाला ढकलू द्या. बाई म्हणायच्या, छे, त्यांना माझ्याच हाताची सवय आहे. आता खरं सांगायचं तर उंबऱ्यावर बाईंच्या हातून दर वेळी हिसका बसायचाच, आणि मास्तर दर वेळी खुर्चीचा हात घट्ट धरून "आस्ते" म्हणायचे. पण त्याचंही दोघांना काही वाटेनासं झालं होतं.

त्यात ही विजेची खुर्ची घरात आली. दवाखान्यातल्या थेरपिस्टने सुचवलं होतं. एकवीस दिवस वापरून बघा, रोजच्या जगण्यात बसते का ते कळेल. सोबत एक वही दिली. घरच्या माणसाने रोज लिहायचं : दारातून जाते का, उंबरा चढते का, किती अंतर गेली, बॅटरी किती उरली, आणि शेवटी शेरा. बाविसाव्या दिवशी वही वाचून खुर्ची ठेवायची की परत न्यायची ते ठरणार. म्हणजे निकाल बाईंच्याच हातात होता.

खुर्ची पोचवायला आलेल्या मेकॅनिकने सगळं नीट समजावलं. एकशे तीस किलो वजन. बॅटरी उतरली की चाकं आपोआप जाम होतात, मग चार पैलवान लावले तरी हलायची नाही, तेव्हा रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायची. बाईंनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, हिच्या मुठी कुठायत?

"मुठी कशाला, ताई? ढकलायची गरजच नाही आता," मेकॅनिक म्हणाला.

ते बोलणं बाईंना जे झोंबलं ते झोंबलंच.

मास्तर मात्र लहान मुलासारखे खूश. पहिल्या दिवशी खिडकीपाशी, दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकटेच वाचनालयात. बाई पन्नास मिनिटं फाटकाशी उभ्या. मास्तर परत आले ते गालांवर लाली घेऊन, आणि आल्या आल्या खुर्चीच्या हातावर थोपटून म्हणाले, शाब्बास. अकरा वर्षांत बाईंना कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. शेजारणीने कुंपणापलीकडून चिडवलं, की सवत आणलीत की हो घरात. बाईही हसल्या. मग आत जाऊन त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासली, आणि ती आपटलेली तीन घरं पलीकडे ऐकू गेली. हेवा वाटला होता, त्याला दुसरं काही नाव नाही. लोखंड आणि रबराचा हेवा करायचा म्हणजे कमालच, हे त्यांनाही कळत होतं. कळून उपयोग काय?

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाईंनी चार्जरची पिन सॉकेटमध्ये लावली, मास्तरांना दिसेल अशी, आणि बटण बंदच ठेवलं. वहीत लिहिलं : 'पूर्ण चार्ज केली.' खुर्ची रस्त्यात अडकेल, मास्तर हाक मारतील, आणि मग शेऱ्यात लिहायचं : 'भरवशाची नाही.' एवढाच बेत. बाईंनी आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना तो अगदी साधा वाटला.

सातव्या दिवशी खुर्चीवरचे दोन हिरवे दिवे गेले. आठव्या दिवशी एकच लाल उरला. नवव्या दिवशी सकाळी तोही विझला. बाई स्वयंपाकघरात भाजी चिरत बसल्या आणि कान बाहेर लावले. 'अगं, जरा ये गं,' एवढीच हाक त्यांना हवी होती.

हाक आली नाही. थोड्या वेळाने खुर्ची दारावरून गेली.

बाईंची सुरी थांबली. मोटरची ती रोजची बारीक घुंई आज नव्हती. नुसती फरशीवर चाकं फिरत होती. आणि चाकांच्या मागून, चाकांच्याच तालात, दुसरं काहीतरी. अनवाणी पावलं फरशीवर टेकतात आणि सुटतात, तसं.

त्या उठून बघेपर्यंत मास्तर खिडकीशी पोचले होते. एकटेच. बाईंनी चार्जरचं बटण पाहिलं, बंद. दिवे पाहिले, सगळे विझलेले. दुपारी मास्तर पलंगावर झोपले तेव्हा त्यांनी रिकाम्या खुर्चीला खांदा लावून बघितला. भिंत ढकलल्यासारखं झालं, बोटभरसुद्धा सरकली नाही. पण पाठीच्या वरच्या काठावर, गादीच्या मऊ भागात, दोन्ही बाजूंना खोलगट वळ उमटले होते. चार बोटं, मागून अंगठा. बाईंनी आपला हात त्यावर ठेवून पाहिला. हात मोठा पडला. बोटं वळांबाहेर आली.

कुणाला सांगणार? सांगायचं तर बटणाचंही सांगावं लागलं असतं. बाई मूग गिळून बसल्या, आणि वहीत रोज लिहीत गेल्या : 'पूर्ण चार्ज केली.'

आणि भीती वाटायला हवी तिथे त्यांना काय वाटत होतं म्हणाल, तर अजूनही हेवाच. कोण आहे ही? कुणाच्या घरून आली या खुर्चीबरोबर? ज्या घरात मी अकरा वर्षं खपले, तिथे हिला कुणी बोलावलं? बाई पाळत ठेवायला लागल्या. कपाटाआडून, पडद्याआडून. दिसायचे फक्त मास्तर. हसतमुख, ताजेतवाने, कधी नव्हे ते गुणगुणणारे.

पंधराव्या दिवशी मास्तर बागेकडे निघाले, आणि बाई वीस पावलं मागे. बागेआधी एक चढ आहे. त्या चढावर बाईंना रोज दोनदा थांबून दम खावा लागायचा. खुर्ची तो चढ न थांबता चढली. वर पोचल्यावर मास्तरांनी डोकं मागे टाकलं.

ही मास्तरांची जुनी लकब. चढ संपला की ते डोकं मागे टाकायचे, आणि ते बाईंच्या पोटाशी टेकायचं. या खुर्चीची पाठ खांद्यांपर्यंतच होती. मागे काही नव्हतं. तरी मास्तरांचं डोकं टेकलेलं होतं. मागचे केस चेपलेले दिसत होते.

बाई धावत सुटल्या. पोचेपर्यंत डोकं सरळ झालं होतं. त्या समोर जाऊन धापा टाकत उभ्या राहिल्या.

मास्तर त्यांच्याकडे बघून हसले. म्हणाले, बस कर आता लपाछपी. बॅटरी केव्हाच संपली आहे, ते काय मला कळत नाही? मी नुसता हा चालवायचा दांडा धरून बसतो, तुला गंमत वाटते म्हणून.

"पण एक सांगू?" त्यांचा आवाज हळवा झाला. "तुझा हात किती हलका झालाय गं. अकरा वर्षांत इतक्या मायेने कधी नेलं नव्हतंस."

मी नव्हते, एवढेच दोन शब्द बोलायचे होते. बाईंच्या ओठांवर आलेही.

"सवयीने जमलं," त्या म्हणाल्या.

कौतुक दुसरीचं होतं. पण ते तिच्याकडे जाऊ द्यायला त्यांचा जीव तयार होईना.

त्या संध्याकाळी त्यांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'आमच्या घराला उपयोगाची नाही. परत न्यावी.' आणि खाली सही ठोकली.

बाविसाव्या दिवशी सकाळी मेकॅनिक आला. वही वाचली, मग खुर्चीला आपलं यंत्र जोडलं आणि डोकं खाजवलं. बॅटरी नवव्या दिवसापासून ठार कोरडी होती. चाकांचं मीटर मात्र त्यानंतरही अठरा किलोमीटर चालल्याचं दाखवत होतं. "मीटर बिघडलं असणार," तो स्वतःशीच म्हणाला, आणि खुर्ची गाडीत चढवायला चौघं लागले.

मास्तर पलंगावरून गाडीकडे बघत राहिले.

गाडी कोपऱ्यावरून वळली तसा बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माळ्यावरून जुनी खुर्ची काढली, पुसली, मास्तरांना उचलून तीत बसवलं. मागे जाऊन उभ्या राहिल्या. काळ्या रबराच्या त्या दोन मुठी. स्वतःच्या.

त्यांनी खुर्ची दाराकडे ढकलली.

"कोण आहे मागे?" मास्तरांनी विचारलं.

"मी आहे. दुसरं कोण असणार?"

मास्तरांनी मागच्या पावलांकडे कान दिला. मग परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "तुम्ही राहू द्या. माझ्या बायकोला बोलवा."

"अहो, मीच—"

"तुमचा हात जड आहे हो. तिला बोलवा."

बाईंच्या हातून मुठी सुटल्या.

सुटल्या तेव्हा त्या गरम होत्या, आणि मुठींचं रबर बोटांच्या खुणांनी आत दबलेलं होतं. बाईंच्या बोटांपेक्षा लहान बोटं.

मास्तरांनी डोकं मागे टाकलं. ते टेकलं.

जुनी खुर्ची पुढे निघाली. उंबऱ्यावर आली, उंबरा ओलांडून बाहेर गेली. एकदाही हिसका बसला नाही.