एक्केचाळीस नंबरचा हात

बुधवारी चार वाजता इंदुमती गुप्ते क्लबच्या पत्त्यांच्या खोलीत शिरल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि खिडकीजवळच्या यंत्रावर अंगठा टेकवला. काचेवर रमीची तेरा पाने उमटली. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढेही तेरा पाने पालथी पडली. त्या खुर्चीत बसणारे त्यांचे यजमान दामोदरराव जाऊन तीन वर्षे झाली होती.

"टाका आता लवकर," त्या पुटपुटल्या. "चहा गार होतो माझा."

पान आले नाही. पहिल्या पानाला दामोदरराव फार वेळ घेत. यंत्रही तेवढाच वेळ घेई. मग चौकट सत्ती पडली.

खासगी क्लबांना खेळयंत्रांचे परवाने मिळू लागले, तेव्हा देवळालीच्या या जुन्या क्लबाने दोन यंत्रे आणली. हिरवी बनात लावलेली लाकडी टेबले अडगळीत गेली. इंदुमतीबाईंना त्या बनातीवरचे सिगारेटचे डागसुद्धा अजून आठवत. यंत्र सभासदाचाच अंगठा ओळखे. जोडीदार आला नाही तर त्याचा हात यंत्र स्वतः खेळे. त्याने आजवर खेळलेला प्रत्येक डाव यंत्राने पाहिलेला असे, त्यामुळे खोडींसकट सगळे हुबेहूब उतरे. क्लबात याला 'सवंगडी' म्हणत.

"वहिनी, जरा त्रास देतो." चिटणीस कर्णिक दारात उभे होते. त्यांच्यामागे परवाना तपासायला आलेल्या रेहाना मुजावर होत्या आणि कर्णिकांच्या काखेत सभासदांची जाडजूड वही होती.

"एक्केचाळीस नंबरचे सभासद हयात नाहीत ना?" मुजावरबाईंनी विचारले. "मग वहीत नाव कसं?"

कर्णिक ओशाळले. "आमच्याकडे ऑफिस नाव खोडत नाही, मॅडम. घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं रेघ ओढायची, अशी पद्धत आहे. मी वही घेऊन गेलो होतो घरी. वहिनींनी पोहे दिले. खाऊन परत आलो."

"दोनदा घेतलेत," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मुजावरबाई हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "परवान्यात सोय आहे. घरच्यांची लेखी संमती असेल, तर गेलेल्या सभासदाचा हात चालू ठेवता येतो. नसेल, तर आज रेघ ओढायची. रेघ ओढली की हात पुसला जातो, परत मिळत नाही."

"आणा तो कागद. देते सही."

"त्याआधी या हाताची नोंद तुम्हाला दाखवणं मला भाग आहे. गेल्या श्रावणापासून हा मुद्दाम हरतोय."

इंदुमतीबाईंचा हात थांबला. बेचाळीस वर्षांच्या संसारात दामोदररावांनी त्यांना एकही डाव सोडला नव्हता. तापाने फणफणलेल्या असतानाही नाही. श्रावणापासून मात्र हवे ते पान अलगद समोर येऊ लागले होते. उशिरा का होईना, माणूस निवळला, असे वाटून मागच्या बुधवारी घरी गेल्यावर त्यांनी फोटोला मोगऱ्याचा गजरा घातला होता.

"मुद्दाम म्हणजे?"

"श्रावणात तुम्ही सलग हरलात आणि तीन बुधवार आला नाहीत. यंत्राला तेवढंच कळलं. बाई हरल्या की येत नाहीत, जिंकल्या की येतात."

"बघा," इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या. "ह्यांना जन्मभर कळलं नाही ते."

त्या पुन्हा काचेकडे वळल्या. इंदुमतीबाईंना इस्पिक राणी हवी होती. दामोदररावांनी ती मरेपर्यंत दाबून ठेवली असती, वर मिशीतल्या मिशीत हसलेही असते. त्यांनी एक पान टाकले आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"नका टाकू हो," त्या म्हणाल्या. "एवढा एक डाव नका सोडू."

समोरचा हात थबकला, नेहमीपेक्षाही जास्त वेळ. मग इस्पिक राणी उघडी पडली.

त्यांनी ती उचलली नाही. कर्णिकांकडून वही मागून घेतली, पेनाचे टोपण काढले. एक्केचाळीसवर बोट ठेवून त्यांनी नावावरून सरळ रेघ ओढली. कर्णिकांनी यंत्राचे बटण दाबले. समोरची पाने एकेक करून विझली. सगळ्यांत शेवटी राणी गेली.

त्यांची स्वतःची तेरा पाने मात्र तशीच उजळ होती. वहीत रेघेच्या खालच्याच ओळीत बेचाळीस नंबर होता, त्यांचा स्वतःचा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दामोदररावांनी वळणदार अक्षरात लिहिलेला. मूलबाळ नव्हते. त्यांचा एकुलता भाऊही गेला होता.

"मुजावरबाई, माझाही हात आहे ना यात?"

"आहे. सगळ्यांचाच आहे."

इंदुमतीबाईंनी पेनाला टोपण लावले. मग बेचाळीसवर बोट ठेवले.

"मग कर्णिक, माझ्या नावावर रेघ कोण ओढणार?"